एकाच कारखान्याच्या दोन गाड्या सारख्या का धावत नाहीत?

आपल्या सभासदांपैकी अनेकांचा संसार गाडीच्या चाकांवर चालतो. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी टेम्पो, कोणी बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे हप्ते फेडीत असतो. आपली मुलेही आयटीआय व पॉलिटेक्निकमधून शिकून वाहनांच्या कारखान्यांत कामाला जात आहेत. म्हणून वाहनांविषयीचा एक नेहमीचा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने समजून घ्यावा असे आम्हांस वाटले. एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची, एकाच महिन्यात बाहेर पडलेली दोन वाहने असतात. किंमत एक, रंग एक, इंजिनही एकच. तरीही एक गाडी चांगली अ‍ॅव्हरेज देते, चढावर सहज चढते. दुसरी मात्र तेल पिते, आवाज करते. असे का होते?

यावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, गाडी नशिबाने मिळते. दुसरे म्हणजे, दोष चालविणाऱ्याच्या हातात आहे. पहिल्या उत्तरामुळे लिंबू-मिरचीवाल्याचा फायदा होतो. दुसऱ्या उत्तरामुळे घरातल्या कमावत्या माणसाला विनाकारण बोल ऐकावे लागतात. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. समजा, दोन भावांनी सारख्याच दोन टॅक्सी घेतल्या. एकीची अ‍ॅव्हरेज लिटरला १८ किलोमीटर आणि दुसरीची १६. दोघेही रोज १०० किलोमीटर चालवितात. पहिल्याला रोज सुमारे ५.५६ लिटर इंधन लागेल, दुसऱ्याला ६.२५ लिटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर हा फरक २०० लिटरांहून अधिक होतो. एवढ्या पैशांत एका मुलाच्या शिक्षणाचा बराच खर्च भागू शकतो. म्हणून नशिबावर किंवा माणसावर खापर फोडण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे.

'सारखे' म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की कोणताही कारखाना दोन वस्तू तंतोतंत सारख्या बनवू शकत नाही. हत्यार झिजते, धातूची प्रत थोडी बदलते, यंत्र थरथरते, हवा तापते. म्हणून आराखड्यात प्रत्येक मापाला एक वरची व एक खालची मर्यादा दिलेली असते. कारखान्यात तिला टॉलरन्स म्हणतात. त्या दोन मर्यादांच्या आत बसला तो भाग पास, बाहेर गेला तो नापास. म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'सारखे' याचा अर्थ 'ठरलेल्या मर्यादेच्या आतले' एवढाच असतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत. सिलिंडरच्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, व्यास ७५.००० ते ७५.०२० मिलिमीटर असावा आणि त्यात वरखाली होणाऱ्या पिस्टनचा व्यास ७४.९५० ते ७४.९७० मिलिमीटर असावा असे आराखड्यात लिहिले आहे. आता सर्वांत लहान बोअरला सर्वांत मोठा पिस्टन मिळाला तर दोहोंमधील फट ३० मायक्रॉन राहील. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उलट, सर्वांत मोठ्या बोअरला सर्वांत लहान पिस्टन मिळाला तर फट ७० मायक्रॉन होईल. म्हणजे दुपटीहून अधिक. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. हा सारा फरक एका केसाच्या जाडीत सामावतो, आणि दोन्ही इंजिनांचे सर्व भाग तपासणीत पासच ठरतात.

पण इंजिनाला हा फरक कळतो. फट फार कमी असेल तर घर्षण वाढते, आणि इंजिन तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून जाम होण्याचा धोका राहतो. फट फार जास्त असेल तर थंड इंजिनात पिस्टन भिंतीवर आपटून आवाज करतो, रिंगांचे काम अवघड होते, जळालेला वायू खाली निसटतो आणि ऑइल वर चढून जळते. हे टाळण्यासाठी अनेक कारखाने एक युक्ती करतात. तयार झालेले पिस्टन मोजून त्यांचे दोन-तीन गट पाडतात, बोअरचेही तसेच गट पाडतात, इंजिनाच्या ब्लॉकवर गटाची खूण ठोकतात आणि मोठ्याला मोठा व लहानाला लहान अशी जोडी लावतात. ज्या कारखान्यात हे काम काटेकोर होते तेथील इंजिने एकमेकांच्या अधिक जवळ असतात.

सिलिंडरच्या डोक्यातील जळणकक्षाचेही तसेच आहे. एका सिलिंडरमध्ये पिस्टन ३०० घनसेंटिमीटर जागा मोकळी करतो आणि वर ३७.५ घनसेंटिमीटरचा कक्ष उरतो असे धरले, तर दाबाचे प्रमाण ३३७.५ भागिले ३७.५, म्हणजे बरोबर ९ येते. ओतकामात कक्ष एका घनसेंटिमीटरने लहान झाला तर हेच प्रमाण सुमारे ९.२ होईल, एकाने मोठा झाला तर ८.८. एक घनसेंटिमीटर म्हणजे वीस थेंब पाणी. तेवढ्याने इंजिनाची ताकद व इंधनाचा वापर थोडासा का होईना, बदलतो.

लहान फरकांची बेरीज

गाडीत हजारो भाग असतात. प्रत्येकाचा फरक किरकोळ असतो, आणि बहुतेक वेळा ते एकमेकांना सांभाळून घेतात. एक भाग जरा घट्ट तर दुसरा जरा सैल. म्हणून बहुसंख्य गाड्या सरासरीच्या आसपास धावतात. पण सर्व फरक एकाच बाजूला झुकले तर?

विद्यार्थी मित्रांनी हे नाणेफेकीने पडताळून पाहावे. समजा, गाडीच्या धावण्यावर दहा मापांचा परिणाम होतो आणि प्रत्येक माप चांगल्या किंवा वाईट बाजूला झुकण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. दहाही मापे वाईट बाजूला झुकण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. ही शक्यता नगण्य वाटते. पण कारखान्यातून एक लाख गाड्या बाहेर पडल्या तर अशा सुमारे ९८ गाड्या निघतील, आणि तेवढ्याच गाड्यांत दहाही मापे चांगल्या बाजूला असतील. खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण तत्त्व हेच. ज्याला आपण नशिबाची गाडी म्हणतो ती या बेरीज-वजाबाकीतून निघते. त्यात ना कोणाची नजर असते, ना कोणाचा पायगुण.

शिवाय काही फरक योगायोगाचे नसतात, त्यांना ठराविक कारण असते. कापणारे हत्यार नवे असताना एक माप येते, झिजत आले की दुसरे. उष्णतेचेही तसेच. मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरली जावीत असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ७५ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन ३० अंशांना मोजला तर तो सुमारे १७ मायक्रॉनने मोठा भरतो. वर दिलेल्या उदाहरणात पूर्ण टॉलरन्सच २० मायक्रॉनची होती. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारच्या पाळीत थंडावा नसलेल्या खोलीत मोजणाऱ्याने तापमान विचारात घेतले नाही, तर चांगला माल नापास व नापास माल चांगला ठरू शकतो.

इतिहासातील दोन प्रसंग

पूर्वी प्रत्येक गाडी हाताने जुळवली जात असे. कारागीर कानशीने घासून एक भाग दुसऱ्यात बसवी. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला लागत नसे. १९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्यांची परीक्षा घेण्यात आली. तिन्ही गाड्या पूर्ण खोलल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडील साठ्यातले नवे भाग दिले. मग साध्या पान्यांनी व पेचकसांनी तीन गाड्या पुन्हा जुळवून त्या ५०० मैल पळविल्या. परीक्षा यशस्वी झाली आणि कंपनीला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. सुटे भाग अदलाबदल करता येण्याइतके सारखे बनू शकतात हे जगाला दिसले. आज आपण दुकानातून स्पार्क प्लग किंवा ब्रेक लायनर आणून सहज बसवितो, त्यामागे ही परंपरा आहे. परंतु भाग एकमेकांच्या जागी बसणे वेगळे आणि तंतोतंत सारखे असणे वेगळे.

हा भेद दुसऱ्या प्रसंगाने उघड केला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस फोर्ड कंपनी आपल्या काही गाड्यांसाठी एकच स्वयंचलित गिअरबॉक्स दोन ठिकाणांहून घेत होती. काही अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बटाव्हिया येथील स्वतःच्या कारखान्यातून, तर काही जपानच्या माझदा कंपनीकडून. आराखडा एकच होता. तरीही जपानी गिअरबॉक्सच्या तक्रारी कमी येत आणि त्यांचा आवाजही कमी असे. फोर्डच्या अभियंत्यांनी दोन्हीकडचे नमुने खोलून भाग मोजले. स्वतःच्या कारखान्यातील भाग मर्यादेच्या आत होते. कोणाचीही चूक दिसत नव्हती. पण जपानी भागांची मापे एकमेकांच्या इतकी जवळ आली की मोजणाऱ्यास आपले उपकरणच बिघडले की काय अशी शंका आली. उपकरण ठीक होते. फरक एवढाच होता की एक कारखाना मर्यादेच्या आत राहण्यावर समाधान मानीत होता, तर दुसरा मधल्या मापाच्या जवळ राहण्यासाठी झटत होता.

या विचाराचा पाया वॉल्टर शुहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली घातला. योगायोगाने येणारे फरक व ठराविक कारणाने येणारे फरक वेगळे ओळखण्यासाठी त्यांनी नियंत्रण-आलेख तयार केला. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांना हेच शास्त्र शिकविले. या घडामोडींत आपला देशही दूर नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शुहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. जपानचे जेनिची तागुची १९५४-५५ मध्ये त्याच संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होते. पुढे तागुचींनी मांडले की माप मर्यादेबाहेर गेल्यावर नव्हे, तर मधल्या मापापासून ढळू लागले की तेव्हापासूनच समाजाचे नुकसान सुरू होते. टॅक्सीवाल्याच्या २०० लिटरांचा हिशेब मांडला की या वाक्याचा अर्थ पटतो.

कारखान्याबाहेर पडल्यावर

गाडी ताब्यात आल्यानंतर फरक आणखी वाढतात. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघा असतात. सुरुवातीच्या चालण्यात रिंगा त्यांवर घासून नीट बसतात. या काळात एकाने गाडी बेताने, वेग कमी-जास्त करीत चालविली आणि दुसऱ्याने पहिल्याच दिवशी भरपूर भार लादून घाटात दामटली, तर दोन्ही इंजिनांचे पुढचे आयुष्य वेगळे होते. म्हणून सूचना-पुस्तिकेत पहिल्या काही किलोमीटरांसाठी जे लिहिलेले असते ते पाळावे.

टायरमधील हवा कमी असेल तर गाडी ओढायला अधिक इंधन लागते. चाकांची दिशा किंचित चुकली असेल, ब्रेक पूर्ण सुटत नसेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल, तर तेच होते. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. किलोमीटर मोजणारे यंत्र खरे तर चाकाचे फेरे मोजते. चाकाची त्रिज्या २८० मिलिमीटर असताना टायर ६ मिलिमीटर झिजला तर तेवढ्याच अंतरात फेरे सुमारे दोन टक्के जास्त होतात. साहजिकच झिजलेल्या टायरची गाडी कागदावर अधिक अ‍ॅव्हरेज देते! गाडीत फरक नसून मापात फरक आहे, असेही कधी कधी निघते.

मुंबईकरांना प्रीमियर पद्मिनी आठवत असेलच. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. तिचा कार्बोरेटर आणि प्लगची ठिणगी हाताने लावावी लागे. त्यामुळे एका मेस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी दुसऱ्याच्या गाडीपेक्षा वेगळी धावे. आताच्या गाड्यांत इंधन पिचकारीने दिले जाते आणि एक छोटा संगणक धुराड्यातील ऑक्सिजन तपासून इंधनाचे प्रमाण सतत जुळवून घेतो. त्यामुळे इंजिनांतील लहानसहान फरक पुष्कळसे झाकले जातात. मात्र झाकले जाणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. सैल पिस्टन संगणकाला घट्ट करता येत नाही.

जाहिरातीतील अ‍ॅव्हरेजविषयीही गैरसमज असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत नमुन्याची गाडी रोलरवर, ठरलेल्या तापमानात व ठरलेल्या वेगाने चालवून तो आकडा काढतात. दोन नमुन्यांच्या गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी आहे. पण प्रत्येक गाडी प्रत्येक रस्त्यावर तेवढे देईल असे ते वचन नव्हे.

मग आपण काय करावे?

प्रथम मोजावे. टाकी पंपाचा नळ आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावे, ३०० ते ४०० किलोमीटर चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी. असे लागोपाठ तीनदा करावे. एकदाच मोजलेल्या आकड्यावर भांडू नये.

दुसरे म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वर सांगितलेल्या दोन भावांनी टायरची हवा सारखी करून एक आठवडा गाड्यांची अदलाबदल करावी आणि प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चालवावी. कमी अ‍ॅव्हरेज गाडीबरोबर गेली तर कारण गाडीत आहे. ती चालकाबरोबर राहिली तर कारण चालविण्याच्या सवयीत किंवा त्याच्या रस्त्यात आहे. मग रस्तेही बदलून पाहावेत. एवढ्या साध्या प्रयोगाने घरातील किती वाद मिटतील!

तिसरे, नेहमीचा फरक व दोष यांत गल्लत करू नये. पाच-दहा टक्क्यांचा फरक वर सांगितलेल्या कारणांनी सहज पडू शकतो. पण नवी गाडी वारंवार बंद पडत असेल, ऑइल जळून निळा धूर येत असेल, तोच बिघाड तीन-चार वेळा दुरुस्त करूनही परतत असेल, तर तो दोष समजावा. प्रत्येक वेळी जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. ती प्रत हाच पुढे पुरावा ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ज्याने केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी घेतली आहे, तोही या कायद्याने ग्राहकच आहे. टॅक्सी किंवा टेम्पो चालविणाऱ्या सभासदांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत सदोष गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. अशा गाड्यांच्या ग्राहकांना संरक्षण देणारा पहिला राज्य कायदा कनेक्टिकटमध्ये १९८२ साली झाला. त्याला लोक लिंबू-कायदाच म्हणतात. आपण मात्र गाडी चांगली राहावी म्हणून पुढे लिंबू टांगतो. त्यापेक्षा डॅशबोर्डाच्या कप्प्यात एक वही व पेन ठेवले तर अधिक उपयोग होईल.

शेवटी कारखान्यात काम करणाऱ्या व उद्या करणार असलेल्या मुला-मुलींसाठी दोन शब्द. तुमच्या हाती मायक्रोमीटर येईल आणि समोर तपासणीचा तक्ता असेल. पाळी संपत आलेली असताना माप न घेता 'ओके' लिहिण्याचा मोह होतो. भाग मर्यादेच्या काठावर असेल तर 'चालतंय' म्हणण्याचा मोह त्याहून मोठा. अशा वेळी खरा आकडा लिहा. हत्यार झिजू लागल्याची पहिली सूचना त्या आकड्यांतूनच मिळते. नुसत्या 'ओके'च्या रांगेतून ती मिळत नाही. तुम्ही मोजलेला पिस्टन कोणाच्या गाडीत जाणार हे तुम्हांला कधीच कळणार नाही. पण कोठेतरी कर्ज काढून गाडी घेतलेला एक माणूस पहाटे ती सुरू करील, आणि त्याच्या दिवसाच्या कमाईत तुमच्या त्या आकड्याचा वाटा असेल.